शेअर तुझ्या नावावर घे

अगं, तुमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर सामाईक सोलरचं चाललंय, फ्लॅटमागं वर्गणी मागताहेत, म्हणून तू रात्री फोन केलास. "अक्का, आपलं आपण काय ते बघितलेलं बरं नव्हे का? एवढ्या बिऱ्हाडांच्या भानगडीत पैसे कशाला अडकवायचे?" शेजारी दाजी बातम्या लावून बसलेले, म्हणून मी आवरतं घेतलं. आता निवांत लिहिते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. असं एकत्र येणारे लोक फार थोर असतात, त्यांना पृथ्वीची काळजी लागलेली असते, असलं काही समजू नकोस. असतात एकदोन तसे, आणि ते असावेतही, कारण सुरुवातीच्या खेपा तेच मारतात. बाकीचे येतात ते लाईट बिल कमी व्हावं म्हणून. त्यानंतरचे येतात शेजारच्यांनी पैसे भरले म्हणून. परदेशात अभ्यासकांनी अशा संस्थांच्या सभासदांना विचारून पाहिलंय, तिथंही साधारण हेच निघालं: पहिली फळी ध्येयानं आलेली आणि पुढची परतावा बघून. यात लाजण्यासारखं काही नाही. बिलासाठी आलेला सभासद निदान हिशेब तरी विचारतो.

बंगल्यात राहणाऱ्यांचं सोपं असतं. छप्पर त्यांचं, मीटर त्यांचा. गारगोटी रोडनं कात्यायनीकडं निघालीस की दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर पॅनेलच पॅनेल दिसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली, तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. तीनशेएक चौरस फूट बिनसावलीची जागा असली की वर्षाची सरासरी धरून दिवसाला बारा युनिट निघतात. आपल्या करवीर तालुक्यातली शेळकेवाडी तर अख्खी सौरग्राम झाली. त्याआधी पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी.

तुझं तसं नाही. तू दुसऱ्या मजल्यावर, आणि डोक्यावरची गच्ची सगळ्यांची. सोसायटीच्या परवानगीशिवाय तिथं तुला एक पॅनेलसुद्धा टेकवता येणार नाही. म्हणजे 'आपलं आपण' हा पर्याय तुझ्यापुढं नाहीच. तुझ्यापुढं दोनच वाटा आहेत, सगळ्यांबरोबर किंवा काहीच नाही. माझ्या मते लोक एकत्र येतात त्याचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात कमी सांगितलं जाणारं कारण हेच. एकट्याकडं जागा नसते, एकट्याकडं भांडवल नसतं आणि एकट्याला कुणी दारात उभं करत नाही.

सोसायटीच्या सामाईक वापरासाठी त्याच सूर्यघर योजनेत किलोवॅटमागं १८,००० रुपये आहेत. दहा किलोवॅट बसवलेत तर हजारएक चौरस फूट जागा लागेल आणि महिन्याला सरासरी बाराशे युनिट निघतील. तुमची लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे यांचं बिल मेंटेनन्समधून जातं. ते किती येतं हे तू कधी विचारलंयस का? सेक्रेटरींकडून गेल्या बारा महिन्यांची बिलं मागून घे. बाराच्या बारा, कारण मे महिन्यातलं एकच बिल दाखवून सोलर विकणारे पुष्कळ फिरताहेत. आणि आपल्याकडचा पाऊस तुला माहीत आहे. जून ते सप्टेंबर कळंब्याचा तलाव भरत असतो तेव्हा पॅनेल निम्मीशिम्मीच चालतात. वर्षाचा हिशेब मांडला तरच खरं काय ते कळतं.

आता विश्वासाचं. तुझी खरी अडचण तीच आहे, हे मला कळलंय.

तू कोल्हापूरची लेक. आपल्या आईनं दूध संस्थेत पहाट-संध्याकाळ दूध घातलं. फॅट लावलेली पावती ती पिठाच्या डब्यामागं खोचून ठेवायची. दर दहा दिवसांनी बिल आणि दिवाळीला दुधाचा दरफरक. त्या फरकातून आपले कपडे आले. संस्थेचा अध्यक्ष कोण, तो चांगला की वाईट, यावर घरात किती बोलणं व्हायचं! पण दूध घालायचं कधी थांबलं नाही, कारण दूध मोजलं जायचं, लिहिलं जायचं आणि पैसे ठरल्या दिवशी यायचे. विश्वास असा बसतो, माणसं गोड बोलतात म्हणून नव्हे. १९६३ साली सुरू झालेला गोकुळ असल्या गावोगावच्या संस्थांच्या जोरावरच उभा राहिला. त्याच गोकुळनं आता सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याजवळ लिंबेवाडीला साडेसहा मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा केलाय. दूध थंड ठेवायला वीज लागते, तिचा दर आपल्या हातात नाही. मग जिथं ऊन जास्त आणि जमीन स्वस्त, तिथं आपलीच वीज करायची. संस्था यात का उतरतात ते यावरून समजून घे. घरातल्या बाईला पुढच्या महिन्याचं बिल दिसतं, तर संस्थेच्या मॅनेजरला पुढच्या पंचवीस वर्षांचा खर्च आज बांधून घ्यायचा असतो.

आणि साखर कारखाने? मामंजी उसाचे सभासद आहेत ना? उसाचा रस काढल्यावर उरतो तो बगॅस जाळून आपल्या जिल्ह्यातले सहकारी कारखाने वीज करतात, स्वतः वापरतात आणि उरलेली विकतात. म्हणजे ज्या घरात 'सोलरची भागीदारी नको' म्हणून चर्चा चाललीय, त्या घरातला म्हातारा माणूस कधीपासून वीज विकणाऱ्या संस्थेचा मालक आहे. विचार त्यांना, पण जेवण झाल्यावर विचार.

हे सगळं गोड आहे असं मात्र नाही. सहकारात वीज कशी चालते आणि कशी बुडते, दोन्ही आपल्या आसपासच बघायला मिळतं.

आपण चटणीसाठी संकेश्वरी मिरची आणतो तो हुक्केरी तालुका. निपाणी ओलांडली की संकेश्वर, तिथून आत हुक्केरी. १९६९ साली दिल्लीत ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं आणि अमेरिकेतल्या खेड्यांच्या धर्तीवर देशात पाच ठिकाणी वीज सहकारी संस्था काढून बघायचं ठरलं. कर्नाटकात हुक्केरी आणि महाराष्ट्रात नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा या त्यातल्या दोन. तारा संस्थेच्या, खांब संस्थेचे, वायरमन संस्थेचा आणि ग्राहकच सभासद. बिल भरायला जायचं ते आपल्याच ऑफिसात. हुक्केरीची संस्था अजून चालू आहे. राजकारण तिथंही आहे, २०२५ मधली संचालकांची निवडणूक बेळगावच्या मोठमोठ्या पुढाऱ्यांनी विधानसभेसारखी लढवली. पण लोक ज्या गोष्टीसाठी इतकं भांडतात, तिच्यात जीव आहे हेही त्यातून दिसतं.

मुळा-प्रवराचं वेगळं झालं. श्रीरामपूर, राहुरी भागातल्या गावांना या संस्थेनं चाळीसएक वर्षं वीज दिली. वीज तिची स्वतःची नव्हती. वीज मंडळाकडून घाऊक घ्यायची आणि सभासदांना विकायची. सभासदांत शेतीपंपवाले भरपूर. पंपाची वसुली होईना, घेतलेल्या विजेचे पैसे भरता येईनात, देणं वर्षानुवर्षं फुगत गेलं. शेवटी जानेवारी २०११ अखेर परवाना संपला आणि भाग महावितरणकडं गेला. दोष नुसता संचालकांवर ढकलून मोकळं होता येत नाही. संस्था आपली म्हटल्यावर बिल भरायचं राहिलं तरी चालतं, असं ज्या सभासदाला वाटलं तोही त्यात आला.

हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. तुमच्या सोलरची गोष्ट एका बाबतीत मुळा-प्रवराहून बरी आहे. तिथं वीज विकत आणून उधार वाटायची होती. इथं वीज गच्चीवर तयार होणार आणि ऊन उधारीवर आणावं लागत नाही. मोठी रक्कम लागते ती एकदाच, सुरुवातीला. म्हणून सगळं लक्ष त्या सुरुवातीच्या ठरावावर ठेवायचं. तिथं ढिलाई झाली की पुढं कितीही सभा घेतल्या तरी उपयोग नाही.

अजून एक गाव सांगते, मला फार आवडतं. गुजरातेत खेडा जिल्ह्यात ढुंडी. जवळच आणंद, म्हणजे अमूलचा मुलूख, त्यांनाही सहकार शिकवावा लागत नाही. तिथल्या सहा शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेनं त्यांना हाताशी धरलं, बहुतेक भांडवलही तिकडून आलं. आधी हे लोक डिझेलवर पाणी उपसायचे. पॅनेल आल्यावर दिवसा पाणी, धूर नाही, डिझेलसाठी कॅन घेऊन पळापळ नाही. पण खरी गंमत पुढं आहे. ज्या दिवशी पिकाला पाणी नको, त्या दिवशी पॅनेल रिकामी बसणार. त्या दिवसांची वीज त्यांनी वीज कंपनीला विकली, युनिटला ४ रुपये ६३ पैसे दरानं, पंचवीस वर्षांचा करार. त्या बदल्यात कंपनीकडून शेतीची सवलतीची जोडणी मागायची नाही, असं लिहून दिलं.

आता तू विचारशील, सहा जणांनी आपापली वीज आपापली का नाही विकली? कारण कंपनीला सहा शेतकऱ्यांशी सहा करार, सहा मीटर, सहा बिलं नको असतात. तिला एक दार हवं असतं. मंडळीनं सगळ्यांची वीज एका मीटरमधून दिली आणि कुणाची किती त्याप्रमाणं पैसे आत वाटून घेतले. आपल्या आईचं दोन लिटर दूध गोकुळच्या टँकरनं थेट कधी उचललं असतं का? मधे गावची संस्था होती म्हणून ते पोचलं. आणि पाण्याचा फायदा निराळाच. फुकट उन्हावर पंप लावून पाणी उपसत बसण्यापेक्षा पंप बंद ठेवून वीज विकली तर पैसे येतात म्हटल्यावर माणूस विहिरीकडं जरा जपून बघायला लागतो. आपल्या उसाच्या पट्ट्यात हे कधी उमजेल देव जाणे.

नंतर सरकारी योजनांतही ही वाट आली. २०१९ च्या कुसुम योजनेत पडीक जमिनीवर अर्धा ते दोन मेगावॅटचा प्रकल्प सहकारी संस्था, ग्रामपंचायत किंवा शेतकऱ्यांचा गटही उभारू शकतो. दुसरीकडं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीत जमीन भाड्यानं द्यायची, वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये. माहेरच्या माळाबद्दल भावानं परवा विचारलं तेव्हा मी त्याला सांगितलं, भाडं वाईट नाही, घरबसल्या येतं. पण भाडेकरू कंपनी काय दरानं वीज विकते, किती कमावते, यात तुला बोलायला जागा नसेल. त्याला भाडंच बरं वाटतंय. त्याचंही चूक नाही म्हणा, दहा जणांना जमवून आणायला वेळ कुणाकडं आहे?

वेळेवरून आठवलं. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमध्ये श्योनाउ म्हणून एक छोटं गाव आहे. १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा तिथल्या आईबापांना मुलांच्या दुधाची, भाजीची भीती वाटायला लागली. त्यातल्या उर्सुला स्लाडेक, पाच मुलांची आई, पेशानं शिक्षिका. आधी घरोघरी वीज कशी वाचवायची ते सांगत फिरल्या. वीज कंपनी ऐकेना म्हटल्यावर गावकऱ्यांनी गावच्या ताराच विकत घ्यायचं ठरवलं. दोनदा गावात मतदान झालं, पैसे गोळा झाले आणि १९९७ मध्ये वीजपुरवठा गावाच्या ताब्यात आला. आज ती संस्था सहकारी आहे. चेर्नोबिलपासून मोजलीस तर अकरा वर्षं. पाच मुलं सांभाळून. मला त्या बाईंचं कौतुक विजेपेक्षा चिकाटीसाठी वाटतं. आपल्याकडं एका मीटिंगला कोरम भरत नाही.

डेन्मार्कमध्ये तर कोपनहेगनसमोर समुद्रात मिडलग्रुंडेनच्या वीस पवनचक्क्या २००० सालापासून उभ्या आहेत, त्यातल्या निम्म्या साडेआठ हजारांवर सभासदांच्या सहकारी संस्थेच्या. समुद्रातली पवनचक्की हा दारात दिसणारा प्रकार, लोक सहसा नको म्हणतात. आपली म्हटल्यावर तेच लोक पाहुण्यांना दाखवायला नेतात.

असो, दूरवर गेले. तुझ्याकडं येते.

मीटर कुणाच्या नावावर आहे? तुझ्या फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे? मला उत्तर माहीत आहे, आपल्याकडं बहुतेक घरांत तेच असतं. दूध घालणारी बाई आणि खात्यावर नाव मालकाचं. फ्लॅटच्या हप्त्यात पगार तुझाही जातो, मग तुझं नाव सहसभासद म्हणून लागायला काय हरकत आहे? आणि सोलरसाठी वेगळी सहकारी संस्था काढायचं ठरलं, तर कायद्यानं वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं लागतात. त्या दहांत तू स्वतः हो. सहकारात शेअर कितीही घेतले तरी मत एकच असतं. पाच हजार घालणाऱ्याचं एक आणि लाख घालणाऱ्याचंही एक. कंपनीत तसं नसतं. आपल्यासारख्या हात आखडून पैसे काढणाऱ्या बायकांसाठी ही केवढी सोय आहे ते लक्षात घे. मात्र नाव लावून घरी बसलीस तर उपयोग नाही. 

वार्षिक सभा कशी होते ते तू बघितलं नसशील. सप्टेंबरअखेरच्या आत घ्यायची म्हणून घाईनं बोलावलेली. पुढच्या दोन रांगांत ठरलेली माणसं. अहवालाचं पान उलटलं जात नाही तोच मागून "मंजूर, मंजूर". चहा, बिस्कीट, संपलं. तू अहवाल घरी वाचून जा. ताळेबंदात घसारा निधी आहे का, एवढं एक बघितलंस तरी पुष्कळ. पॅनेल पंचवीस वर्षं चालतात, इन्व्हर्टर तेवढा टिकत नाही. मधे कधीतरी तो बदलावा लागणार, तेव्हा "आता पुन्हा वर्गणी काढा" म्हणून भांडणं लागतात. पहिल्या वर्षापासून बाजूला पैसे पडत असतील तर ती वेळ येत नाही. योजनेतल्या ठेकेदारानं पाच वर्षं देखभाल करायची असते, ती करारात लिहिलेली आहे का बघ. पॅनेलवरची धूळ, कबुतरांची घाण कोण धुणार, त्याला महिन्याला किती, तेही आत्ताच ठरवा.

अजून एक, जे विकणारा माणूस स्वतःहून सांगत नाही. महावितरणच्या लाईनला जोडलेलं सोलर लाईन बंद झाली की आपोआप बंद होतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसं केलेलं असतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्या शहरात दिवसच्या दिवस लाईट नव्हती, ऊन पडलं असतं तरी असलं सोलर चाललं नसतं. लिफ्ट आणि मोटर तशा वेळी हवी असेल तर बॅटरीचा वेगळा खर्च धरावा लागतो. "सोलर आलं की लाईट जाणार नाही" असं ग्रुपवर कुणी लिहिलं असेल तर तिथंच दुरुस्त कर, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच सेक्रेटरींच्या दारात मोर्चा येईल.

तुमच्या शेजारच्या शाळेशीही बोला, असं मी म्हणेन. शाळेची छपरं मोठी, आणि मे महिन्यात, ऊन कडक असतं तेव्हा, शाळा बंद. तुमची लिफ्ट आणि मोटर मात्र बारा महिने चालू.  ज्यांची गरज वेगवेगळ्या वेळेला, अशांनी एकत्र यावं, तर कुणाचंच फुकट जात नाही. दिल्लीत २०१९ पासून एका ठिकाणच्या सोलरचे युनिट वेगवेगळ्या मीटरच्या बिलात वळते करायची सोय आहे. भाड्यानं राहणाऱ्यांना, छप्पर नसलेल्यांना त्याचा उपयोग होतो. आपल्या मीटरला काय लागू होतं ते महावितरणच्या उपविभागात लेखी विचारा. तोंडी उत्तर घेऊन येऊ नका.

माझं मत विचारशील तर, पैसे भर. पण तीन गोष्टी असतील तर नको भरूस. कोटेशन एकाच ठेकेदाराचं असेल, हिशेबाचं स्वतंत्र खातं नसेल, किंवा "नंतर लिहून देतो" असं कुणी म्हणत असेल, मग तो माणूस कितीही ओळखीचा असो. उलट सगळं कागदावर असेल आणि शेजारची ती कटकटी बाई, जी प्रत्येक पावती तपासते म्हणून तुम्ही तिला नावं ठेवता, ती समितीत असेल, तर डोळे झाकून जा. तिला तर तुम्ही आधी खजिनदार करा.

सभेला तुझ्या घरच्यांना पाठवू नकोस, तू जा. तीन कोटेशनं, स्वतंत्र बँक खातं, इन्व्हर्टरसाठी निधी आणि सहसभासद म्हणून तुझं नाव, हे ठरावात लिहून घे, वाचून बघ, आणि मगच सही कर. ठरावाची प्रत मला पाठव.